ओरिजिनल आहे का, भो?

जुन्या फटफट्यांवाल्यांची रविवारची बैठक म्हणजे जळगावहून एरंडोलकडे जाताना हायवेला लागून एखादा ढाबा, बाजूला कडुनिंब आणि निंबाखाली ओळीने लागलेल्या गाड्या. नवा कोणी आला की राम राम आधी होत नाही. आधी चार माणसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात. एक जण इंजिनाखाली बघतो, एक कार्बोरेटरवर उठवलेली अक्षरं वाचतो, एक फ्रेमच्या नळीवरचा नंबर अंगठ्याने पुसतो. मग मान वर होते आणि प्रश्न येतो, "ओरिजिनल आहे का, भो?" माणसाचं नाव-गाव नंतर.

दुपारी सावली सगळ्यांना पुरत नाही. ती कोणाला मिळावी हे कोणी ठरवत नाही, पण ठरलेलं असतं. बुंध्याला लागून साठच्या दशकातली, म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली जावा. टाकीच्या बाजूंचं क्रोम आणि गुडघा टेकायचे रबर शाबूत असतील तर प्रश्नच नाही. तिच्या शेजारी त्याच कारखान्याची येझदी, मग येझदीचीच रोडकिंग. राजदूत ३५० आली तर माणसं उठून जागा करून देतात. १९८३ साली ही गाडी निघाली तेव्हा तिचं मायलेज ऐकून लोकांनी तोंड फिरवलं होतं, त्यांचीच मुलं आज "हाय टॉर्क की लो टॉर्क?" असं विचारतात. हाय टॉर्कला ३०.५ हॉर्सपॉवर, लो टॉर्कला २७. लो टॉर्कवाल्याला हा प्रश्न सहसा ऐकू येत नाही. पुढे उन्हाच्या कडेला यामाहाच्या आरएक्स १०० वाली पोरं. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर आणि मालकाच्या तोंडात त्याहून जास्त. बुलेटवाले थोडे लांब, स्वतःचा वेगळा गोल करून, आणि त्या गोलातही ओतीव लोखंडाच्या इंजिनवाले आत, नंतरच्या इंजिनवाले बाहेर. अगदी टोकाला, भर उन्हात, साधी राजदूत १७५.

या राजदूतचं मला फार वाईट वाटतं. ऐंशीच्या दशकात खानदेशात वाढलेल्या कोणालाही विचारा. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपलेली पोरं पहाटे डोळे न उघडता गाड्या ओळखायची. पहिली यायची ती दूधवाल्याची राजदूत, दोन्ही अंगांना कॅन बांधलेली, तीनच गिअर, गल्लीच्या चढाला दुसऱ्यावर कण्हत जाणारी. मग कॅनचा खडखडाट लांब जायचा आणि पुन्हा एक डुलकी. सातच्या सुमाराला दोन सायलेन्सरांतून पोकळ आवाज काढत येझदी. ती बँकेतल्या साहेबांची. रात्री-अपरात्री बुलेट ऐकू आली की आई उठून बसायची, कारण बुलेट डॉक्टरांची आणि ती कोणाच्या तरी दारात थांबणार. मास्तर सायकलवर, म्हणून मास्तर कधी आले ते कळायचं नाही. गाडीवरून माणूस ओळखायची आणि तोलायची सवय तिथे लागली, आणि गंमत म्हणजे ज्या गाडीने रोजचं दूध आणलं, ती सवयीने सगळ्यात खाली बसली. आज दूधवाल्याची राजदूत ओळीच्या टोकाला लावणाऱ्या माणसाला आपण असं का करतो, हे विचारलं तर सांगता येणार नाही.

आता 'ओरिजिनल' म्हणजे काय, यावर दोन तास जातात. जुन्या जावा-येझदीला फ्रेमवर आणि इंजिनावर एकच नंबर असतो. दोन्ही जुळले तर निम्मी परीक्षा पास. कार्बोरेटर जिकोव्हचा हवा; दुसऱ्या कंपनीचा, मिकुनी, बसवलेला दिसला की शेजारचा नुसता "हं" म्हणतो. मिकुनीने गाडी जास्त सुरळीत चालते हे त्यालाही माहीत असतं. जावाची चावी खिळ्यासारखी, एकाची दुसऱ्याला लागते, पण तीही त्या काळचीच पाहिजे. ठिणगीचे जुने प्लॅटिन पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सीडीआय बसवलं असेल तर मालक साइड कव्हर उघडूच देत नाही. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं तर तो गुन्हा धरतात. हे मात्र मला पटत नाही. सहा व्होल्टच्या दिव्याने पारोळ्याच्या पुढे रात्री समोरून ट्रक आल्यावर रस्त्याची कड दिसत नाही, आणि कड दिसणं हे ओरिजिनल असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

नवख्याची खरी परीक्षा किकवर होते. येझदीला किकचा वेगळा दांडा नाही. डाव्या बाजूचा गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तोच किक होतो. हे माहीत नसलेला माणूस गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, आणि सगळे चहाच्या ग्लासात बघत हसतात. बुलेटवाल्यांचं याहून अवघड. चावी फिरवायची, इंजिनातला दाब सोडणारं डाव्या हाताचं डीकॉम्प्रेसर ओढायचं, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू खाली न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचं, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक. घाई केली तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. टॅपेट कसे लावले हे विचारून ते एकमेकांना जोखतात. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पुशरॉड, बोटांनी गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. "गरम असताना लावले" असं कोणी म्हटलं की त्याच्याशी पुढे हवामानावर बोलतात.

सगळ्यात मोठं भांडण तेलाचं. येझदी टू स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं; लिटरभर पेट्रोलला ४० मिली हा जुना हिशोब. टू स्ट्रोकचं आजचं टू-टी तेल चांगलं आहे, ३० मिली पुरतं, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, पुण्यात पुरत असेल, मे महिन्यात भुसावळला ये. आरएक्सला तेलाची टाकी वेगळी, पंप वेगळा. तरी अर्धे लोक पंपावर विश्वास नाही म्हणून तो बंद करून पेट्रोलमध्येच तेल ओततात. जास्त तेल टाकणाऱ्याच्या सायलेन्सरची शेपटी काळी, कमी टाकणाऱ्याचा प्लग पांढरा, आणि दोघेही दुसऱ्याच्या गाडीकडे बोट दाखवतात. प्लगवरून आठवलं: उन्हाळ्यात एक पायरी थंड, म्हणजे लवकर निवणारा प्लग लावा, असं सगळे सांगतात, पण एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशचा आकडा वाढला की गरम. हे न कळल्यामुळे कित्येकांनी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला नेमका उलटा प्लग लावून पिस्टन धरवला आहे, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकवला आहे.

पिस्टन धरतो कसा, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण इथपर्यंतचा सगळा तोरा तिथे संपतो. पारा ४५ च्या पुढे, सपाट हायवे, अर्धा तास एकाच थ्रॉटलवर गाडी. कार्बोरेटरच्या फ्लँजचं पॅकिंग जरा सैल असेल तर तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन फुगतो. सिलिंडर बोअर करणाऱ्याने पिस्टनला जागा कमी ठेवली असेल, तर आणखी लवकर. घाटात वेगळंच होतं. कन्नड घाट उतरताना माणूस थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये गाडी सोडतो. इंजिन फिरतंय जोरात, पण पेट्रोल येत नाही, आणि तेल पेट्रोलमध्येच असल्यामुळे तेलही येत नाही. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्यायचा. धरण्याआधी इंजिन सांगतं: आवाज घट्ट होतो, मागून कोणी ओढल्यासारखी गाडी मंदावते. त्या क्षणी क्लच. मग थांबायचं, किक मारायची नाही, अर्धा तास सावलीत. प्लग काढून भोकातून चमचाभर तेल सोडायचं, गिअर टाकून गाडी हळूच मागे-पुढे हलवायची. सुटली तर नशीब. नाही सुटली तर हेड उघडून बोअरला चिकटलेलं ॲल्युमिनियम बारीक पॉलिश पेपरने घासायचं, आणि ओरखडा नखाला लागला तर सरळ रीबोअर, म्हणजे सिलिंडर नव्याने कापून घ्यायचं.

आणि नेमकं इथे, लळिंगच्या आसपास रस्त्याकडेला उन्हात उभ्या असलेल्या येझदीपाशी, मागून येणारी प्रत्येक जुनी गाडी थांबते. "काय व्हयनं, भो?" सकाळी मिकुनी बघून "हं" म्हणणारा गृहस्थच पहिला खाली बसतो. त्याच्या डिक्कीत बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात कंडेन्सर, पॉइंटचा सेट, दोन प्लग, चेनलॉक, क्लच वायरचं टोक, फ्लोट पिन, दोन नंबरचे मेन जेट, पॅकिंग पेपर, कात्री आणि चिकटपट्टी. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला तेव्हापासून तो हे जपतोय. भाव लावला तर त्याला स्वतःलाच घाम फुटेल. बिघाड कंडेन्सरचा निघाला तर तो कंडेन्सर काढून देतो, पैसे घेत नाही, आणि वर ऐकवतो की हे असलं बाजारू वायरिंग असेल तर दुसरं काय होणार. ज्या नजरेने त्याने सकाळी गाडीत खोट काढली, त्याच नजरेने तो आता बिघाड शोधतो. खोट काढायची थांबवा असं सांगणाऱ्या भल्या माणसांचं मला म्हणून पटत नाही. जो माझ्या गाडीला नावं ठेवणार नाही, त्याला माझ्या गाडीतलं काही कळतही नाही.

खरी हलकी नजर ठेवली जाते ती टेम्पोतून आलेल्या गाडीवर. पुण्याहून रंगवून आणलेली, क्रोममध्ये तोंड दिसतंय, टायरच्या खोबणीत माती नाही. गाडी लाखाची, मालक केळीचा किंवा सोन्याचा मोठा व्यापारी, आणि तरी त्याच्याकडे कोणी वाकून बघत नाही. तो सगळ्यांना चहा पाजतो. चहा सगळे पितात. पण एखाद्या रविवारी तोच माणूस हाताला काळं लावून सायलेन्सरच्या आतला बाफल साफ करायला ओढत बसलेला दिसला की चित्र पालटतं. तिघे सांगायला येतात: चार-पाच हजार किलोमीटरला हा काढत जा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेव, पण शेठ, त्याच पाण्यात हेड किंवा पिस्टन बुडवू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकेल. ज्या दिवशी त्याला असं दटावलं, त्या दिवशी तो आत आला.

वाहनावरून मान ठरवणं मोटारी आल्यावर सुरू झालं असं नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे जाऊन उभं राहा. पांढरा नुकरा कोणाचा, पंचकल्याण कोणाचा, गळ्याला देवमण हा शुभ भोवरा आहे का, भोवरा कुठे पडलाय, यावरून माणसं आपापला मान ठरवतात. आणि कोणाच्या घोड्याचं पोट दुखायला लागलं की प्रतिस्पर्धीच आधी धावतो.

हिवाळ्यात भरीत पार्टी असते तेव्हा गाड्या विसरल्या जातात म्हणे. नाही विसरल्या जात, नुसता विषय बदलतो. वांगं बामणोदचं आहे का? तुरीच्या काड्यांवर भाजलं की गॅसवर? मिरच्या लाकडी बडगीत ठेचल्या की मिक्सरला लावल्या? कळण्याच्या भाकरीत उडीद किती? आरएक्सचं पोर आणि जावाचे आप्पा एका पत्रावळीवर वाकलेले असतात, आणि दोघांचं एकमत होतं ते मिक्सरच्या विरोधात.

गेल्या काही वर्षांत नवी भर पडली. २०१८ साली जावा हे नाव परत आलं, २०२२ मध्ये येझदीही. दोन्ही फोर स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस पाळतात, त्याला ही नवी गाडी घेऊन पोरं येतात, तेव्हा म्हातारे विचारतात, "धूर कुठे आहे?" पोरं निमूट हसतात. परतताना पावसात जुनीच्या पॉइंटमध्ये पाणी जातं आणि नवी गाडी मागे दोर बांधून तिला पारोळ्यापर्यंत ओढून आणते. दोराबद्दल नंतर कोणी बोलत नाही.

कागदांचं वेगळंच. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांचा नंबर, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज बाजारात न्यायची नाही. खानदेशातल्या माणसाला हे पटणं अवघड. गाडी असेल तर ती बाजारात जाणारच, मेथीची जुडी हँडलला लटकवून.

मला काळजी आहे ती सुट्या भागांची. क्रँकचे सील आता छोट्या कारखान्यांत बनतात, रबर कसलं असेल सांगता येत नाही. क्लचकडचं सील गेलं तर गाडी गिअर ऑइल पिते आणि पांढरा धूर सोडते. डायनामोकडचं गेलं तर थ्रॉटल सोडूनही इंजिन खाली येत नाही, ओरडत राहतं. बदलायला इंजिन उघडावं लागतं. क्रँक दाबून सरळ करणारे मिस्त्री कमी होत चाललेत, आणि जे आहेत त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात बसतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, महिनाभर उभ्या गाडीचे जेट चोंदतात.

मालकही जातात. दहावा-तेरावा झाला की घरचे गाडीचं काय करायचं म्हणून विचारतात, आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलेला असतो. तेव्हा ही भांडकुदळ मंडळी जमतात. विकू नका म्हणतात, आणि आळीपाळीने येऊन गाडी चालू करून जातात: कॉक उघडायचा, टिकलर दाबून पेट्रोल वर येऊ द्यायचं, किक, दहा मिनिटं, मग कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत उभं राहायचं. हयातीत ज्याने त्या गाडीच्या मडगार्डला आयुष्यभर डुप्लिकेट म्हटलं, तोही येतो. मग कधीतरी मुलाचाच फोन येतो, "काका, मीच काढतो गाडी आज. लिटरला तेल किती टाकू?"

फोन स्पीकरवर असतो. एक काका तीस म्हणतात, दुसरे चाळीस.