पगार बारा महिन्यांचा, ऊन तीन महिन्यांचं

बिबडे हे ज्वारीचं खान्देशी वाळवण, तळून खायचं. ते नुसत्या धान्यावर होत नाही, जागेवर होतं. आमचा एक बिबडा १५ सेंटीमीटरचा असतो, वाळल्यावर २० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत ५०. तेवढे थापायला दीड चौरस मीटर कापड लागतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर चालायच्या वाटा आणि दुसऱ्या दिवशी उलटून ठेवलेला माल सोडला, तर निम्मीच जागा थापायला उरते. म्हणजे दिवसाला ३० किलो. खात्रीचं ऊन मार्च ते मे. या ९२ दिवसांतून ढगाळ दिवस, बाजाराचा दिवस, गावातली लग्नं आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) वजा केली की ६० दिवस कामाचे. ३० गुणिले ६०, म्हणजे १८ क्विंटल. आमच्या धंद्याचा हा पहिला कागद आणि राजीनामा लिहायच्या आधी हाच मांडायला हवा.

जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या एका गावात आमचं युनिट चालतं. सुरू करणारे आम्ही दोघे पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो. पगार चांगला होता, आवड मात्र खान्देशी वाळवणाची. आता तशाच नोकऱ्यांमधून विचारणा होते. प्रश्न असतो, ‘मन लागत नाही, सोडू का?’ मनाचं ज्याचं त्याने बघावं. आम्हाला हिशेब सांगता येतो, तो सांगतो.

समजा दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, ४० रुपये किलो मिळाली. पाखडणं, कोंडा आणि चक्कीतली घट धरून एक किलो बिबड्यांना सव्वा किलो ज्वारी लागते, म्हणजे ५० रुपये. थापणाऱ्या पाच बाया आणि घाटा (ज्वारीची शिजवलेली भरड) हाटायला, माल सोडवायला दोघी, अशा सात जणींची मजुरी ३० किलोंवर वाटली की किलोमागे ८० रुपये. तीळ, लसूण, मिरची, जिरं मिळून २५, गॅस १५, पिशवी आणि लेबल १५. बेरीज १८५. थेट गिऱ्हाईकाला ३०० ने विकलं तर ११५ सुटतात. पुण्यातल्या दुकानाने पंचवीस टक्के कापले तर ४०. निम्मा माल असा, निम्मा तसा गेला, तर १८ क्विंटलचे वर्षाला १ लाख ४० हजार होतात. त्यातून वीज, तूटफूट आणि परत आलेला माल जायचाच आहे. पुण्यात अनुभवी इंजिनियरला हे पैसे दोनेक महिन्यांत मिळतात.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पगाराशी बरोबरी साधायची म्हणून यात उतरू नका, ती होत नाही. पहिले दोन हंगाम नोकरीत राहून, रजेवर काढा. अडचण अशी, की मार्चअखेरीची घाई आणि वाळवणाचं ऊन एकाच वेळी येतं, रजा नेमकी तेव्हाच मिळत नाही. तरीही तीन आठवडे सलग मिळतील अशी सोय करा. एक-दोन शनिवार-रविवार थापून हात तयार होत नाही आणि धंद्याची अडचणही कळत नाही. अडचण थापण्यात नसते, आठव्या दिवशी सात जणींपैकी चारच आल्या तर काय करायचं, यात असते. गृहकर्ज घ्यायचं असेल तर नोकरीत असतानाच घ्या. धंद्यावर कर्ज देताना बँक साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, स्वतःचा आधीच काढून ठेवा. घरखर्च किमान १८ महिन्यांचा बाजूला हवा. बाराचा पुरत नाही, कारण पहिला हंगाम शिकण्यात जातो आणि दुसऱ्याचे पैसे दिवाळीनंतर हातात येतात.

आता मालाकडे येऊ.

ज्वारी दादरच घ्यावी, असं आम्ही दोन्ही वापरून ठरवलं. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त पडते, पण ऐन कापणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो. पॉलिश मारून तो काळेपणा दिसेनासा होतो, चवीतला कडवटपणा जात नाही. दादर रब्बीची, कोरड्या हवेत पिकते, दाणा पांढरा आणि गोडसर राहतो. नवी दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. तेव्हाच वर्षाची भरून घ्यावी लागते आणि सगळं भांडवल तिथेच अडकतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, शहरात ज्वारीला पुन्हा मान आला. बिबडे विकायला त्याची मदत झाली. शहरात पिशवीबंद ज्वारी विकणारा व्यापारीही आता त्याच मालाला हात घालतो, हे ओघाने आलंच.

निवडलेल्या ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडायची, कोंडा पाखडायचा आणि तीन दिवस भिजत घालायची. पाणी रोज बदलायचं, एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा. तीन दिवस हा आकडा मार्चचा आहे, मेमध्ये दोन दिवसांतच काम होतं. घड्याळापेक्षा नाकावर भरवसा ठेवा. ताकासारखा आंबट वास आला की बस. कुजका, नाकात बसणारा वास आला तर तो कितीही धुतलं तरी जात नाही, ती ज्वारी गुरांना टाकावी. मग निथळून सावलीत पसरायची. इथे बहुतेकांची चूक होते. दाणा ओला राहिला तर चक्कीच्या पाळीला (दगडाला) चिकटतो. कडक वाळला तर दळताना सगळं पीठच होतं, चुरी (जाड कणी) निघत नाही. दाताखाली दाणा तुटावा, पण कडकन वाजू नये, एवढा ओलावा हवा. चक्कीवाल्याला पाळी ढिली ठेवायला सांगा आणि समोर उभे राहा. आमचा माल पहिल्या वर्षी सर्वात जास्त बिघडला तो चक्कीवर.

भरड चाळून चुरी आणि पीठ वेगळं करायचं. साधारण निम्मं-निम्मं निघालं तर घाटा चांगला होतो. दहा किलो भरडीला आमचं प्रमाण असं: तीळ अर्धा किलो, लसूण अर्धा किलो, हिरवी मिरची पाऊण किलो, जिरं दीडशे ग्रॅम, मीठ दोनशे ग्रॅम. मीठ घाट्यात चाखून घालू नका. घाट्यात बरोबर लागलं तर वाळल्यावर खारट होतं, आणि जास्त मिठाचा बिबडा पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून मऊ पडतो. मापाला चार मापं पाणी उकळून मसाला आणि मीठ घालायचं, आधी चुरी सोडायची, ती शिजून फुगली की मग पीठ पेरत हाटत राहायचं. पीठ आधी घातलं तर ते चुरीभोवती चिकटून बसतं, चुरी कच्ची राहते आणि तळल्यावर दातात खडे आल्यासारखे लागतात. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला. गार पाण्याने गुठळी होते.

पातेलं पहाटे चारला चढतं. साडेपाचला थापायला सुरुवात, साडेआठला शेवटचं कापड. घाटा गरम असतानाच ओल्या हाताने थापायचा असतो, गार झाला की फाटतो. एक बाई तासाला शंभर थापते, तीन तासांत सहा किलो. अकरानंतर वारं सुटतं, धूळ बसते. शिवाय तेव्हा थापलेल्या बिबड्याचा वरचा पापुद्रा आधी आवळतो, खालचा ओला राहतो आणि मधोमध चीर जाते.

कापड मांजरपाटाचं, बिनरंगाचं. घरी जुनं धोतर किंवा लुगडं चालतं, विक्रीच्या मालाला रंग सोडणारं कापड चालत नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर आम्ही करून पाहिलं. सोडवायला सोपं, पण खालून हवा लागत नाही, कडा वळतात आणि पोटात ओल राहते. कापडावरचा बिबडा संध्याकाळी मागून पाणी शिंपडून सोडवायचा, दुसऱ्या दिवशी उलटून जाळीवर. तोडल्यावर खटकन आवाज आला आणि तुटलेली कड एकसारख्या रंगाची दिसली की झालं. आवाज आला पण मधे गडद रेघ दिसली, तर अजून एक ऊन द्या.

अवकाळीच्या भीतीने सोलर ड्रायर घेतला. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान होतं, पण ते कर्जाला जोडलेलं होतं, आधी बँक पटायला हवी होती. ड्रायरने एक नवी खोड शिकवली. ओला बिबडा थेट ५५-६० अंशांत ठेवला की वरून दगडासारखा कडक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. पिशवीत आठवड्याने बाष्प धरतं, मग बुरशी. आता पहिले दोन-तीन तास उघड्या उन्हात, नंतर ड्रायर, आणि पंखा सतत चालू. बाहेर काढलेला माल पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायचा नाही. घाईत गरम भरलेल्या एका घाण्याने पूर्ण पार्सल परत आणलं होतं.

थापायचं यंत्र मात्र घेतलं नाही. यंत्राला घाटा पातळ लागतो, त्यासाठी चुरी कमी करावी लागते आणि बिबडा पापडासारखा गुळगुळीत होतो. हातच्या थापण्यात बोटांचे उंचवटे राहतात, तळताना तिथेच तो फुलतो. नोकरी सोडून जे करायला आलो, ते यंत्राला द्यायचं असेल तर पगार काय वाईट होता?

मजुरीची खरी परीक्षा आखाजीला. ऊन सर्वात चांगलं असतं आणि तेव्हाच सासुरवाशिणी माहेरी जातात. त्या पाच-सहा दिवसांत कोणालाही जास्त रोज देऊन थांबवता येत नाही, प्रयत्नही करू नये. माहेरी आलेल्या लेकी मात्र गावात असतात, त्यातल्या काही जणी सकाळचे दोन तास गप्पा मारत थापून जातात. त्यांना पैशाबरोबर दोन किलो बिबडे द्यायचा रिवाज आम्ही ठेवला आहे.

कागदपत्रं अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, लेबलवर वजन, किंमत, बॅच, तारीख, घटक आणि हिरवा ठिपका. जीएसटीत ‘पापड, मग नाव कोणतंही असो’ शून्य दरात आहे, पण तळायच्या इतर पदार्थांवरून पूर्वी बरेच वाद झालेत. बिबडे कशात बसतात, हे आपल्या सीएकडून लेखी घ्या.

पुण्याला माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातो. पिशव्या आडव्या रचल्या तर तळाचे तुटतात, म्हणून कडक खोक्यात उभ्या. तरी शंभरात पाच-सात तुटतातच. तो चुरा जळगाव-भुसावळकडे कच्चा कांदा आणि शेंगदाण्याबरोबर खायला आवडीने घेतात. पुण्याचं गिऱ्हाईक मात्र त्याचा फोटो काढून पाठवतं.

उरलेले नऊ महिने भरायला कळण्याचं पीठ सुरू केलं: चार भाग ज्वारीला एक भाग सालीचे काळे उडीद आणि मीठ. थंडीत भरिताची वांगी आली की कळण्याच्या भाकरीची मागणी आपोआप येते. पीठ महिनाभराच्या वर ठेवू नये, म्हणून दर आठवड्याला मागणीपुरतंच दळतो. किलोमागे सुटतं थोडंच, पण दर आठवड्याला सुटतं, घरखर्च त्यावर निघतो.

अर्धे वाळलेले बिबडे साडेनऊ-दहाच्या सुमाराला खायला सर्वात चांगले लागतात, वर कच्चं शेंगदाणा तेल. ते पिशवीत भरता येत नाहीत, संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. कोणी विकत मागितले तर देत नाही, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, येऊन खावे लागतात.