कार्लस्टाडची झारा

स्टॉकहोमहून आगगाडीने अडीच-तीन तासांत कार्लस्टाड येतं. व्हेनर्न या स्वीडनमधल्या सर्वांत मोठ्या तळ्याकाठी, क्लारएल्वेन नदी जिथे त्याला मिळते तिथे वसलेलं टुमदार शहर. बहुतेक पर्यटक जुन्या दगडी कमानींच्या पुलाचे फोटो काढतात आणि नॉर्वेची वाट धरतात. मी उतरले ती स्वीडिश गायिका-अभिनेत्री झारा लिएंडरसाठी.

नदीकाठी १८९३ सालचं देखणं नाट्यगृह आहे, आता तिथे वेर्मलांड ऑपेरा चालतो. त्याच्या जवळच झाराचा ब्राँझचा पुतळा. तो इथे उभा राहिला २००३मध्ये, तोही बरीच वर्षं वाद घातल्यावर. आपल्याच गावच्या लेकीला जागा द्यायला गाव इतकं का कचरलं?

१९०७मध्ये झारा इथेच जन्मली. १९२९मध्ये स्वीडिश कलावंत एर्न्स्ट रोल्फच्या रेव्ह्यूतून, म्हणजे गाणी-नाच-विनोदांच्या रंगमंचीय कार्यक्रमातून, तिचं नाव झालं. आवाज इतका खर्जातला, की रेकॉर्डवर पहिल्यांदा ऐकणारा पुरुषच गातोय असं समजेल. पुढे स्वीडिश रेव्ह्यूकार कार्ल गेरहार्डने लिहिलेलं नाझीविरोधी गाणंही तिने गायलं. आणि हीच बाई १९३६मध्ये व्हिएन्ना गाजवून नाझी राजवटीतल्या बर्लिनच्या ऊफा या चित्रपट स्टुडिओत दाखल झाली! पगाराचा मोठा हिस्सा स्वीडिश क्रोनरमध्ये घ्यायचा, हे तिने करारातच ठरवून घेतलं. जर्मन नागरिकत्व मात्र कधीच घेतलं नाही. व्यवहार पक्का, बाकी सगळं धूसर.

१९४२च्या 'दी ग्रोसे लीबं' या चित्रपटाने नाझी राजवटीतले गर्दीचे विक्रम मोडले. एक दिवस चमत्कार घडेल, अशी आशा लावणारं त्यातलं गाणं युद्धाने पिचलेल्या जर्मनीत घरोघरी पोचलं. राजवटीला ते धीराचं गाणं म्हणून हवंच होतं. पण ते लिहिणारा ब्रूनो बाल्त्स समलिंगी होता आणि त्यापायी गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत जाऊन आलेला. हे कळल्यापासून मला त्या ओळींत सैनिकाची वाट पाहणारी प्रेयसी दिसत नाही, बाल्त्सच दिसतो. युद्धानंतर समलिंगी पुरुषांनी झाराला डोक्यावर घेतलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९४३मध्ये बर्लिनमधल्या तिच्या बंगल्यावर बॉम्ब पडला आणि ती स्वीडनमध्ये, नोरशेपिंग शहराजवळच्या आपल्या ल्योनो इस्टेटीवर परतली. मायदेशाने पाठ फिरवली होती. पुन्हा रंगमंचावर उभं राहायला १९४९ उजाडलं. आपल्याला राजकारणातलं काही कळत नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. मला हे पटत नाही. करारातलं चलन ज्या बाईला एवढं नेमकं कळत होतं, तिला पैसे देणारा कोण हे कळत नव्हतं?

तरी पुतळा बसवला हे बरंच केलं. ल्योनोजवळ तिच्या नावाचं संग्रहालयही आहे, पण ते नोरशेपिंगच्या बाहेर, पार दुसऱ्या दिशेला. दोन्ही पाहायचं असेल तर मुक्काम वाढवा.