कॉन, ब्यूशर, किंग की सेल्मर? माझ्या टेनरची निवड

जॅझवादक डेक्स्टर गॉर्डनचा टेनर सॅक्सोफोन ऐकल्यापासून तसा भरदार, गडद टोन आपल्याला हवा, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. माझा नवा सॅक्सोफोन सुरेल होता, पण वरच्या सप्तकात टोचायचा. शेवटी जुने टेनर पाहायचं ठरवलं. मी शिकागोत राहते. कॉन, ब्यूशर आणि मार्टिन हे सॅक्सोफोन बनवणारे तिन्ही कारखाने इंडियानातल्या एल्कार्ट गावचे. ते इथून गाडीनं दोनेक तासांवर आहे.

माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड (त्यावरची कंप पावणारी पट्टी) बदलायची नाही, हे आधीच पक्कं केलं. मोठ्या चेंबरचा, म्हणजे आतली पोकळी मोठी असलेला, रबरी ऑटो लिंक माउथपीस प्रत्येक वाद्यावर तोच. टोनचा फार मोठा भाग तिथेच ठरतो, तो बदलत राहिला तर तुलना कसली? दुसरी अट गळतीची. दुरुस्तीवाल्यानं प्रत्येक टेनरच्या नळीत दिवा सोडून स्वरछिद्रं झाकणाऱ्या कुठल्या पॅडखालून उजेड येतो ते तपासलं. गळकं वाद्य दबून वाजतं आणि ते दबणंच गडद टोन समजून लोक पैसे मोजतात.

किंग सुपर २० क्लीव्हलंडचा, १९४५ पासूनचा. चांदीच्या नेकचा, म्हणजे माउथपीस बसतो ती वाकडी नळी चांदीची. आवाज दणदणीत, थेट समोर जाणारा. मोठ्या बँडमध्ये तो मी आनंदानं वाजवेन, पण मला हवा होता तो हा नव्हे. ब्यूशर ॲरिस्टोक्रॅट गोल आणि गोड, हळू वाजवताना फारच सुंदर. सेल्मर मार्क सिक्स (१९५४ ते सत्तरीच्या दशकाचा मध्य) हातात घेतला की बोटं आपोआप चाव्यांवर पडतात. सूर बांधीव, नेमका. किंमत मात्र इतरांच्या कितीतरी पट. आणि सेल्मरचा टोन उजळच असतो हेही खरं नाही: जॅझवादक बेन वेबस्टरचा तो श्वासानं भरलेला, गडद टोन सेल्मरच्याच बॅलन्स्ड ॲक्शन या मॉडेलवरचा आहे. डेक्स्टरसुद्धा आधी कॉन टेन-एम वाजवायचा, नंतर मार्क सिक्स, आणि दोन्हीवर तो डेक्स्टरच वाटतो.

खरी गंमत कॉन टेन-एमनं केली. असे दोन बघितले, दोन्ही १९४७ च्या आधीचे, स्वरछिद्रांच्या कडा गोल वळवलेले. एक गडद, रुंद, खर्जात घुमणारा. दुसरा चक्क उजळ! कारण पॅडमध्ये सापडलं. उजळ वाजणाऱ्यात कुणीतरी पुढे कधीतरी मोठ्या धातूच्या चकत्यांचे, म्हणजे रेझोनेटरचे, पॅड बसवले होते. गडद असलेल्यात छोट्या रिवेटचे साधे पॅड होते. चकती मोठी आणि कडक असली की वरचे स्वरांश जास्त परत फिरतात आणि आवाजाला धार येते. नुसतं मॉडेलचं नाव बघून घेणाऱ्याला हे कळणारच नाही.

सगळ्यांवर एकच धीमी चाल वाजवून रेकॉर्ड केली आणि नावं न सांगता आईला ऐकवली. ती पुण्याहून आली होती आणि बरीच वर्षं गाणं शिकलेली आहे. सेल्मरला ती म्हणाली, "हा स्वच्छ आहे गं." गडद कॉन लागल्यावर म्हणाली, "ह्याचा षड्ज भरलेला आहे. बाकीचे सूर त्यावर उभे राहतात." मला हेच हवं होतं.

तो गडद कॉन विकाऊ नव्हता. मी उजळ असलेला घेतला. त्याला मागाहून नवं लॅकर (धातूवरचा चमकदार लेप) मारलेलं होतं, म्हणून संग्राहक त्याच्याकडे फिरकत नव्हते आणि भावही उतरला होता. वाचलेल्या पैशांत सगळे पॅड बदलून छोट्या रिवेटचे बसवून घेतले. आता सगळ्यात खालचा सूर, बी-फ्लॅट, हलक्या फुंकरीतही उठतो आणि वरचे सूर टोचत नाहीत. छोट्या चेंबरचा आधुनिक माउथपीस लावला तर मात्र तेच वरचे सूर चढे लागतात, म्हणून ऑटो लिंकच कायम. डाव्या करंगळीच्या चाव्या सेल्मरपेक्षा जड आहेत. त्यासाठी रोज सकाळी खालच्या सुरांचा वेगळा रियाज करते.