संकष्टीच्या संध्याकाळी वर्गात उतरलेली साखर

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीतला आमचा प्रौढ साक्षरता वर्ग संध्याकाळी साडेसातला भरतो. बहुतेक बायका धुणीभांडी, पोळ्यांची कामं उरकून थेट येतात. त्या दिवशी संकष्टी होती आणि पाठ होता बँकेतून पैसे काढण्याची स्लिप भरण्याचा.

आठच्या सुमारास पंचावन्नच्या एका मावशींची स्लिप हातात घेतली, तर रकमेच्या चौकटीत तारीख लिहिलेली आणि सही रेघ सोडून खाली घसरलेली. सही त्यांची केव्हाच पक्की झाली होती. काय झालं विचारलं, तर एरवी हसतमुख असलेल्या मावशी एकदम तडकल्या, "कळतंय मला!" डोक्यावर पंखा चालू, तरी कपाळावर घाम. बोटांना कापरं.

मावशींना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या माणसात घाम, थरथर, चिडचिड आणि गोंधळ अशी लक्षणं एकत्र दिसली, की आधी रक्तातली साखर उतरली असं धरायचं. दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली ती गेली की उपचार हवाच. साखर मोजायचं मशीन, म्हणजे ग्लुकोमीटर, मिळेपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवरच्या माणसाला साखर दिली आणि ती मुळात जास्तच निघाली, तरी तेवढ्याने फारसं बिघडत नाही. उतरलेली असताना वाट पाहिली तर माणूस बेशुद्ध पडतो, झटके येऊ शकतात.

वर्गाच्या कपाटात घट्ट झाकणाच्या बरणीत साखर असते, बरोबर एक चहाचा चमचा. तीन सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्यापेक्षा थोड्या कमी पाण्यात विरघळवून द्यायची. शुगर-फ्री गोळीचा उपयोग शून्य. चॉकलेट किंवा बर्फीत तूप-चरबी असते, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

मावशींनी पेला ढकलून दिला. "चंद्र उगवला नाही अजून." साखर उतरलेलं माणूस असाही हट्ट करतं आणि इथे तर व्रताचा प्रश्न होता. मी समजावत बसले असते तर वेळ गेला असता, म्हणून वर्गातल्या सगळ्यात थोरल्या आजींना पुढे बोलावलं. त्या दरवर्षी अंगारकीला न चुकता उपास करणाऱ्या. त्यांनी पेला उचलून मावशींच्या ओठांना लावला आणि म्हणाल्या, "अगं, साखर-पाणी उपासाला चालतं. गणपती रागवायचा नाही, मी सांगते. पी." मावशी प्यायल्या. अशा वेळी शिक्षिकेपेक्षा गल्लीतल्या थोरल्या बाईचा शब्द लवकर पोचतो, तो वापरावा.

आमच्या वर्गात कुणाला काहीही झालं तरी आधी कांदा आणि चप्पल नाकाशी येते. त्या दिवशीही आली. तेवढ्याच तत्परतेने कामं वाटून दिली की गर्दी आपोआप फुटते: एकीने फाटकाची चावी आणायची, एकीने घरी फोन करायचा, दोघींनी मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबायचं. १०८ ची गाडी गल्लीत शिरत नाही. गाडीला वाट दाखवायला माणूस नसेल तर ती रस्त्यावरच फिरत राहते. १०८ ला मीच फोन लावला, स्पीकरवर टाकून, मावशींचा हात न सोडता. जवळची खूण, वय, मधुमेह, शुद्ध आहे की नाही आणि गोळीचं नाव, एवढं सांगायचं.

गोळीचं नाव मावशींच्या पिशवीतल्या पाकिटावर होतं: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिनबरोबर. कारण तिथेच सापडलं. नुसती मेटफॉर्मिन क्वचितच साखर इतकी उतरवते. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. मावशींनी सकाळपासून चहा आणि एक केळं एवढंच घेतलेलं. संध्याकाळची गोळी 'चुकवायची नाही' म्हणून सहाला घेतली. आणि जेवण होतं चंद्रोदयानंतर, साडेनऊच्या पुढे.

पहिल्या पेल्यानंतर पंधरा मिनिटांनी एकीच्या मुलाने घरून ग्लुकोमीटर आणला, तेव्हा आकडा ५८ होता. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी मावशींचा घाम थांबला, त्यांना स्वतःचं नाव नीट सांगता आलं. मग राजगिऱ्याचे दोन लाडू दिले. ते उपासाला चालतात म्हणूनच आम्ही बिस्किटांऐवजी ठेवतो. साखरपाणी झटकन वर नेतं, पण टिकत नाही, मागून खायला लागतंच.

मावशी म्हणाल्या, आता घरी जाते. घरच्यांनाही तेच वाटलं. गाडीतल्या डॉक्टरांनी मात्र त्यांना नेलंच. ग्लिमेपिराइडचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो, त्यामुळे बरं वाटल्यावर रात्री झोपेत साखर पुन्हा उतरण्याची भीती असते. हे कुटुंबाला सांगायलाच हवं.

त्या बेशुद्ध पडल्या असत्या तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नव्हता, तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवायचं, हनुवटी थोडी वर करायची, श्वास पाहत राहायचं आणि १०८.

यातून वर्गाचा एक पाठच तयार झाला. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने कार्ड लिहायचं: नाव, आजार, गोळीचं नाव पाकिटावरून बघून, ती घेण्याची वेळ, घरचा एक फोन. आजार सगळ्यांसमोर विचारायचा नाही. फिट येत असल्याचं तर बायका सासरीही लपवतात. एकेकीला बाजूला घेऊन लिहून घ्यायचं, घडी घालून वहीच्या कव्हरात ठेवायचं. संकष्टी, नवरात्र, रमजान यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी खुणावून त्या आठवड्यात आठवण करायची: उपासाच्या दिवशी गोळी कधी, किती, हे आधी डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. गोळ्या बदलत राहतात, म्हणून कार्ड पेन्सिलनेच लिहायचं.