तुम्ही विचारलंत म्हणून: ठमी हल्ली काय खाते?

आमच्या कुत्रीला, ठमीला, फिरायला नेलं की ओळखीचं कुणीतरी थांबवतंच. आधी "किती तकतकीत दिसतेय हो!" आणि पाठोपाठ, "हिला खायला काय देता? आमच्याकडच्याचंही पोट सारखं बिघडतं. पाकिटाचं नाव तेवढं सांगा ना." मी नाव सांगत नाही आणि त्याचं काही जणांना वाईट वाटतं, हे मला कळतं. पण कारण रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ठमीला जे सोसतं, तेच तुमच्या कुत्र्याच्या त्रासाचं कारण असू शकतं. एवढ्याचसाठी मी नाव टाळते. उपयोगी पडलं तर आम्ही ते कसं शोधलं हे पडेल.

ती दोन वर्षांची असताना तिचं पोट बिघडायला लागलं. रात्री तीनच्या सुमाराला तिच्या पोटातली गुरगुर खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या मला ऐकू यायची. ती भुंकायची नाही. दाराच्या फटीला नाक लावून उभी राहायची, मागचे पाय थरथरत. कडी काढेपर्यंत तिला दम निघाला नाही की घरातच व्हायचं, आणि मग ती कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसायची. फरशी पुसताना माझा जीव तुटायचा. यात तिची काय चूक होती?

चार महिन्यांत मी पाच प्रकारचं खाणं देऊन पाहिलं. प्रत्येक वेळी जुनं बंद आणि नवं चालू, एका दिवसात. हे मी फार चुकीचं केलं. कुत्र्याच्या आतड्यातले जीवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. खाणं एकदम बदललं की धडधाकट कुत्र्यालाही पातळ होऊ शकतं. म्हणजे मी ज्या नव्या खाण्याला दोष देत होते, त्यातलं एखादं तिला सोसलंही असतं. आता मी सांगते ते असं: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं आणि पाऊण हिस्सा जुनं, मग निम्मं निम्मं, मग पाऊण हिस्सा नवं. साधारणपणे सात दिवस पुरतात. नाजूक पोटाच्या कुत्र्याला दहा ते चौदा दिवस द्या.

शेवटी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाकिटाचं नाव विचारलंच नाही, दहा मिनिटं फक्त शीबद्दल विचारलं. दिवसातून किती वेळा? दर वेळी थोडी की पुष्कळ? आव पडते का? कुंथावं लागतं का? वजन उतरलंय का? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. त्यांनी समजावलं, की वारंवार, थोडी थोडी, घाईची शी, सोबत आव किंवा लालभडक रक्ताचा थेंब, हे बहुधा मोठ्या आतड्याचं लक्षण. एका वेळी भरपूर पातळ शी आणि उतरत जाणारं वजन हे लहान आतड्याचं. डांबरासारखी काळी शी म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो, तिथे वेळ घालवायचा नाही.

मग तपासण्या झाल्या. तीन वेगवेगळ्या दिवसांची शी तपासली, कारण जिआर्डियासारखे परजीवी एका नमुन्यात सापडतीलच असं नसतं. रक्तातून स्वादुपिंड आणि अॅड्रिनल ग्रंथी नीट काम करताहेत ना, तेही पाहिलं. अॅड्रिनल ग्रंथींचं काम कमी पडतं त्या अॅडिसनच्या आजारात महिनोन्‌महिने 'नाजूक पोटा'सारखंच दिसू शकतं आणि खाणं बदलून ते बरं होत नाही. ठमीचं सगळं ठीक आलं. पण माझी कळकळीची विनंती आहे, खाण्याचे प्रयोग या तपासण्यांच्या नंतर करा. पिल्लू लहान असेल, उलट्या थांबत नसतील, रक्त पडत असेल किंवा कुत्रं मलूल होऊन पडून राहिलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि माणसांची जुलाबाची गोळी मनानं देऊ नका. लोपेरामाइड हे औषध कोली आणि त्यांच्या जवळच्या जातींतल्या काही कुत्र्यांत एका जनुकातल्या बदलामुळे मेंदूपर्यंत पोचतं.

डॉक्टरांनी एक वही घालायला सांगितली. ठमीच्या पोटात दिवसभरात जे जे जातं ते सगळं लिहायचं, अगदी जमिनीवरून उचललेलं सुद्धा. मला वाटलं, दोन ओळींत संपेल. पहिल्याच दिवशी पान भरलं. मुलीनं टेबलाखालून दिलेला चीजचा तुकडा, शेजारच्या काकांचं बिस्किट, दात घासायची चवदार पेस्ट, चघळायची कांडी, आणि माझ्या हातून 'शहाणी गं माझी' म्हणून गेलेल्या सात ट्रीट.

मग मी पाचही रिकामी पाकिटं काढून मागची बारीक अक्षरं वाचली. पुढच्या चित्रावर एकावर मेंढी होती, एकावर मासा, एकावर 'सेन्सिटिव्ह' असं मोठ्या अक्षरात. मागे मात्र पाचांतही कोंबडी होती. मेंढीच्या पाकिटातसुद्धा घटकांच्या यादीत तिसऱ्या जागी चिकन मील, म्हणजे कोंबडीची भुकटी. मी पाच वेळा खाणं बदललं असं समजत होते आणि ठमीच्या आतड्याच्या दृष्टीनं ते बदललंच नव्हतं.

भरीत भर, पोट बिघडलं की मी तिला काय द्यायची? उकडलेलं चिकन आणि भात. पचायला हलकं आणि बिनचरबीचं, बहुतेक कुत्र्यांना दोन-तीन दिवस ते चालतं. पण महिनोन्‌महिने चालवायचं ते खाणं नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी पडतं, इतरही बरंच कमी असतं. ज्याला कोंबडीच सोसत नाही, त्याला तर ते दोन दिवससुद्धा महाग पडतात.

आमची खरी सुरुवात झाली ती हायड्रोलाइज्ड खाण्यापासून. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना सहसा ओळखत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायचं असतं, आणि त्या काळात दुसरं काहीही, अगदी काहीही द्यायचं नाही. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. खाज-कातडीच्या तक्रारींना आठ आठवडेही लागतात. ठमीची शी नवव्या दिवशी बांधून आली. ती पिशवीत उचलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अठराव्या दिवशी पुन्हा पातळ, पुन्हा आव. मी पार खचले. वही उघडली तर खाण्यात काहीच चुकलेलं नव्हतं. फक्त आदल्या सकाळी एक नोंद होती: 'महिन्याची गोचिडांची गोळी दिली, आवडीनं खाल्ली.' आवडीनं का खाल्ली? चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत मांसाची चव घातलेली असते. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यापासून मानेवर सोडायचं औषध दिलं. तेव्हापासून त्या तारखेला काही झालं नाही.

सहा आठवडे नीट गेल्यावर शहानिशा करायची होती. हा भाग बरेच जण टाळतात. चांगलं चाललेलं बिघडवायला मन होत नाही, माझंही होत नव्हतं. पण तो केल्याशिवाय नेमकं काय टाळायचं हे कळत नाही. मी तिला थोडं उकडलेलं चिकन दिलं. दुसऱ्या रात्री गुरगुर सुरू. चिकन थांबवलं, चार दिवसांत पोट पूर्ववत. मग अंड्याची पाळी, मग माशाची, दोन्ही सोसलं. कुत्र्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळणारी वावडी बीफ, दूध, कोंबडी आणि गहू यांची असतात, म्हणजे रोजच्या खाण्यात असणारीच. लाळेची किंवा केसांची चाचणी करून वावडं सांगतो म्हणणाऱ्यांवर मात्र विसंबू नका, त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत.

"धान्य बंद केलंत का?" हेही विचारतात. नाही. ठमीला भात उत्तम पचतो. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कुत्र्यांमधल्या हृदयाच्या एका विकाराची चौकशी जाहीर केली, आणि कळवल्या गेलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळ जण डाळी-कडधान्यांवर आधारलेलं, धान्यविरहित खाणं खात होते. संबंध सिद्ध झालेला नाही, तरी नुसत्या फॅशनपायी धान्य तोडायला मी तयार नाही.

तर आता ती खाते मासा आणि तांदळाचं संपूर्ण आहार असलेलं खाणं, बेताच्या चरबीचं. पहाटे तिला पिवळ्या फेसाची उलटी व्हायची. ती रिकाम्या पोटी पित्त येण्यामुळे होती. रात्री झोपण्याआधी याच खाण्याचे मूठभर दाणे द्यायला लागल्यापासून थांबली. ट्रीट म्हणजे याच खाण्याचे दाणे, तिच्या दिवसाच्या मापातूनच काढलेले. दाराजवळ एक बरणी ठेवली आहे. शेजारचे काका आता खिशात बिस्किट आणत नाहीत. आत येतात, बरणीतले दोन दाणे घेतात, आणि ठमी पूर्वीसारखीच शेपटी आपटत त्यांच्यासमोर बसते.