क्लिपा, अलायनर आणि माझा चहा

"दातांना क्लिपा लावू की ते प्लास्टिकवाले अलायनर घेऊ?" हे मला गेल्या वर्षभरात इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. माझ्या तोंडात सध्या वरती सिरॅमिक आणि खालती मेटल असा संसार आहे, ऑफिसात बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीचे अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे) चालू आहेत, आणि दादाच्या मुलाला साध्या स्टीलच्या क्लिपा लागल्यात, त्यामुळे तिन्ही पार्ट्यांची रडगाणी मी रोज ऐकते. मी डेंटिस्ट नाही, ते आधीच सांगते. पण माझं मत असं झालंय की क्लिपा का अलायनर हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. आधी दात कुठून कुठे न्यायचेत ते कळायला हवं, आणि ते ठरवणारा माणूस धड हवा.

आईचं म्हणणं होतं, "या वयात कशाला गं? लग्न झालं, पोर शाळेत जायला लागलं, आता कोण बघणारे तुझे दात." आता तिला काय सांगू, माझे खालचे पुढचे दात म्हणजे लोकलमधली चौथी सीट, तिघांच्या जागेत चौघं, एक तिरका बसलाय, एक अर्धा बाहेर. दिसायचं सोडा, त्या फटींमध्ये ब्रशच जात नाही, दगडासारखा थर साचतो, हिरड्यांतून रक्त येतं आणि दर वेळी क्लीनिंगला गेलं की तीच बोलणी खावी लागतात. शेवटी त्या डेंटिस्टनेच सांगितलं की एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या स्पेशालिस्टला दाखव.

मुळात दात सरकतो कसा हे मला कुणीतरी नीट समजावलं तेव्हा अर्धं कन्फ्यूजन संपलं. दात हाडात थेट रोवलेला नसतो, मध्ये तंतूंचा पातळ थर असतो, सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं, म्हणजे दात हाडातून वाट काढत जातो. साधारण महिन्याला एक मिलिमीटर, बस. जोर जास्त लावला म्हणून लवकर होत नाही, उलट मुळं झिजायची भीती. म्हणून कुणी "सहा महिन्यात गॅरंटीने सरळ" म्हणालं की मी आधी विचारते, किती मिलिमीटर? आणि दाब तारेचा असो की प्लास्टिकचा, हाडाला त्याचं काही पडलेलं नाही, ते आपल्याच स्पीडने चालतं.

आता जागा. गर्दी असेल तर जागा कुठून तरी काढावी लागणार ना, एक तर जबड्याची कमान थोडी रुंद करतात, नाहीतर दातांच्या कडा अगदी पाव-पाव मिलिमीटर घासतात (आयपीआर म्हणतात, ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात नेलफाइल फिरवल्यासारखं वाटतं), नाहीतर सरळ उपदाढा काढतात, वरच्या दोन खालच्या दोन. मला एका ठिकाणी चारही काढायला सांगितल्या, दुसऱ्या ठिकाणी घासून भागेल म्हणाले. दोघांकडे ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्यांचा एकच मोठा एक्सरे) तोच, डोक्याचा बाजूने काढलेला एक्सरे तोच. फरक असा की दुसऱ्या डॉक्टरांनी माझा साइडचा फोटो समोर ठेवून दाखवलं की तुझे ओठ आधीच आत आहेत, दात काढून पुढचे मागे ओढले तर तोंड बसकं दिसेल. याउलट ज्यांचे दात नि ओठ खरंच पुढे आहेत त्यांना बहुतेकदा दात काढल्याशिवाय उपाय नसतो, तिथे "आम्ही विदाउट एक्स्ट्रॅक्शन करतो" ही जाहिरात म्हणजे डोकेदुखीच. कोण काय सांगतंय त्यापेक्षा का सांगतंय ते विचारा.

मेटल. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दणकट, आणि जवळपास कुठलीही केस त्यात होते. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची बारीक तार घालतात, ती वाकवली तरी आपल्या मूळ आकाराला परत यायला बघते आणि येता येता दाताला ओढते, नंतर जाड स्टीलची येते. दर चार-सहा आठवड्यांनी जायचं, तार बदलली की दोन-तीन दिवस वरण-भात नि खिमट. गालाला टोचतं, त्यावर मेण लावायचं. दादाचा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला कसलीच लाज नाही, दर वेळी रबरांचा कलर बदलून येतो, गणपतीत केशरी होता. वहिनीला टेन्शन फक्त खाण्याचं. चिक्की, चकली, ऊस, भाजलेलं कणीस, आख्खा पेरू, मटणाची नळी, सगळं बंद. ब्रून मस्काही बंद, कडक पावाने ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) निघतं. वडापाव चालतो, मिरची बेतानं.

सिरॅमिक म्हणजे तेच सगळं, फक्त ब्रॅकेट दातांच्या रंगाचं. इथे आपल्या घरातली मेन गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे हळद. ब्रॅकेट पिवळं पडत नाही, पण त्याला तार बांधायला जी बारीक पारदर्शक रबरं असतात ती एका आमटीत पिवळीधम्मक होतात आणि पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत तशीच राहतात. मी लग्नाकार्याच्या आधी दोन दिवस रबरं बदलून घेते, हा जुगाड चालतो. शिवाय सिरॅमिक कडक असतं पण ठिसूळ, आणि वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असतील तर वरच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, झिजतं, म्हणून मला खालती मेटल लावलं. बोलताना खालचे फारसे दिसतही नाहीत, पैसेही वाचले.

सेल्फ-लायगेटिंग, म्हणजे रबराऐवजी छोटं झाकण असलेलं ब्रॅकेट, हे "लवकर होतं, कमी दुखतं" म्हणून जास्त पैशांत विकतात. अभ्यासांमधून ट्रीटमेंट लक्षणीय लवकर संपते असं काही सिद्ध झालेलं नाही. रबरं पिवळी पडायची कटकट नाही, एवढा फायदा मी मानते. लिंग्वल म्हणजे दातांच्या मागून लावायच्या क्लिपा, बाहेरून काहीच दिसत नाही, पण जीभ सोलवटते, सुरुवातीला 'स' बोलताना फजिती होते, खर्च दणदणीत आणि चांगले करणारे कमी. माझ्या बजेटबाहेर होतं, विषय संपला.

आता अलायनर, ज्याच्यासाठी तुम्ही इथवर आलात. याची गोष्ट मला आवडते. झिया चिश्ती नावाच्या माणसाने मोठेपणी क्लिपा लावल्या होत्या, नंतर रिटेनर (क्लिपा काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) घालताना त्याच्या लक्षात आलं की तो घातला की थोडे हललेले दात परत जागेवर येतात, मग असे टप्प्याटप्प्याने वेगवेगळे ट्रे बनवले तर? त्यातून 1997 मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी निघाली, तीच इन्व्हिजलाइनवाली. आता आपल्याकडेही बऱ्याच कंपन्या बनवतात. तोंडाचं स्कॅन, कॉम्प्युटरवर प्लॅन, मग ट्रेंची थप्पी. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, अटॅचमेंट, म्हणजे अगदी "अदृश्य" वगैरे काही नसतं.

थोडी गर्दी, थोड्या फटी, जुन्या ट्रीटमेंटनंतर परत सरकलेले दात, यात अलायनर मस्त. मैत्रिणीचं काम छान चाललंय. पण सुळे किंवा उपदाढा खूप फिरलेल्या असतील, दात खाली ओढून आणायचा असेल, किंवा दात काढून मोठी फट बंद करायची असेल तर गुळगुळीत ट्रेला दात धड पकडता येत नाही, चांगल्या हातात तेही होतं पण जास्तीचे ट्रे लागतात आणि कधी शेवटी थोडे दिवस क्लिपा लावाव्या लागतात. हे आधी सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

आणि बावीस तास. दिवसाचे बावीस तास ट्रे तोंडात पाहिजे. खाताना काढायचा, पाणी सोडून काहीही पिताना काढायचा, परत घालायच्या आधी ब्रश. आता माझा दिवस बघा, सकाळी घरचा चहा, स्टेशनबाहेर कटिंग, ऑफिसला पोचल्यावर एक, तीनला एक, संध्याकाळी निघताना भेळ नाहीतर समोसा. गरम चहा ट्रेसकट प्यायला तर प्लास्टिक वाकडं होतं, साखर आत अडकून दात किडतात ते वेगळंच. मैत्रीण ऑफिसच्या वॉशरूममध्ये ब्रश घेऊन उभी असते, तिचा चहा सुटला, वजनही उतरलं म्हणे. मला चहा सोडायचा नव्हता. अगदी प्रामाणिकपणे सांगते, माझा निर्णय पन्नास टक्के त्या कटिंगवर झाला. क्लिपा काढून ठेवता येत नाहीत हा त्यांचा त्रासही आहे आणि माझ्यासारखीला तोच फायदा.

पैशांचं बोलायचं तर मला मुंबईत आलेली कोटेशन अशी होती, मेटल चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास, सिरॅमिक त्याच्यावर वीसेक हजार, अलायनर लाखाच्या खालपासून तीन लाखांपर्यंत. एरिया, डॉक्टर आणि केसप्रमाणे बदलणार. आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसत नव्हतं. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल बघाच, तिथे एमडीएस (डेंटिस्ट झाल्यावरचं स्पेशलायझेशन) करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली ट्रीटमेंट करतात, खर्च खूप कमी. मात्र वर्किंग डेला सकाळी जाऊन थांबायची तयारी हवी, नोकरीवालीला ते जड जातं, शाळेतल्या मुलांना जमू शकतं.

करणारा माणूस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहे का ते विचारायला लाजू नका, बीडीएस म्हणजे डेंटिस्टच्या साध्या डिग्रीनंतर अजून तीन वर्षं फक्त हेच शिकलेला असतो तो. घरबसल्या किट मागवून अलायनर घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी हेच करायची, डिसेंबर 2023 मध्ये शटर खाली, लोकांची ट्रीटमेंट अर्धवट आणि गॅरंटीचा कागद रद्दीत. त्यात एक्सरे न काढता दात सरकवणं म्हणजे हिरडीखाली हाड किती शिल्लक आहे ते न बघताच खेचाखेची. माझ्या वयाच्या लोकांना तर आधी हिरड्या ठीक करूनच पुढे जायला हवं. आणि ते व्हिडिओ बघून फट बुजवायला साधं रबर बँड लावणाऱ्यांनो, प्लीज नको. रबर दाताच्या निमुळत्या बाजूने सरकत हिरडीखाली जातं, हाड खातं आणि चांगला दात हातात येतो.

मुलांचं वेगळं. सगळे पक्के दात यायची वाट बघू नका, सात-आठव्या वर्षी एकदा दाखवून ठेवा. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात काढता-घालता येणाऱ्या उपकरणाने बरंच सुधारतं, वाढ संपल्यावर त्याच गोष्टीला ऑपरेशन लागू शकतं. अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, हेही तेव्हाच बघून घेतात.

कोटेशन घेताना अजून एक विचारा, रिटेनर त्यात आहे का. कारण ट्रीटमेंट संपल्यावर दात परत जुन्या जागी जायला बघतात, ते तंतू ताणलेले असतात, म्हणून दातांच्या मागे बारीक तार चिकटवतात नाहीतर रात्री घालायचा ट्रे देतात, आणि तो महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. माझ्या चुलत भावाने कॉलेजात क्लिपा लावल्या होत्या, रिटेनर हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवला, वेटरने प्लेटबरोबर उचलला, नवीन केला नाही. आता तोही अलायनरची कोटेशन काढतोय, त्याला चहाचं सांगून झालंय.