वाद नाही, होकारही नाही

आज जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसोबत मानसोपचार वॉर्डात होते. शहराच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी भिंतीला कान लावून बसलेल्या. "बायका शिव्या द्यायल्यात गं, तुला ऐकू येईना का?"

भासाशी वाद घालू नये, त्याला होही म्हणू नये, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. समोर घाबरलेलं माणूस असताना ते जमणं वेगळं. आमच्यातली एक जण थोडं अंतर ठेवून बसली. "मावशी, मला नाही ऐकू येत. पण तुम्हाला भीती वाटतीय, ते कळतंय. मी बसते इथं." बऱ्याच वेळानं मावशी भिंतीपासून सरकल्या. मग आवाज जिवाचं काही बरंवाईट करायला सांगतात का, हेही तिनं सरळ विचारलं. विचारायलाच हवं! विचारल्यानं तसं काही डोक्यात शिरत नाही. गोळी दिल्यावर ती गिळली का, हे जिभेखाली, गालात बघितलं, तेही न ओरडता. फार अभिमान वाटला.

मावशींची लेक म्हणाली, गावाकडं बांधून ठेवा म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे, हे तिला समजावलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला. फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तुम्हीही सेव्ह करून ठेवा.